अंगठ्याखालचं क्रियापद

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा उरलेल्या सगळ्यांना, जड अंतःकरणानं आणि त्याहून जड आवाजात कळवण्यात येतं की सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या लॅटिन जाणणाऱ्या लोकांची संख्या गेल्या मंगळवारी दुपारी एकदम निम्म्यावर आली. दोघं होते. एक उरला. जो उरला त्याचं लॅटिन कच्चं आहे, असं जे गेले त्यांचं ठाम मत होतं.

चर्चमधले फादर या गणतीत धरलेले नाहीत. आपल्याला लॅटिन येतं असं ते म्हणतात. त्यावर तुमचं काय म्हणणं होतं, सर, ते मी इथं लिहीत नाही. परवा त्यांनीच तुमच्यावर माती टाकली.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तुमचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलं. त्याचं क्रियापद मला हवंय. तुम्ही ते न सांगता गेलात, आणि आता विचारायचं कुणाला? या दोन जिल्ह्यांत दुसरं कोण आहे?

आपली गाठ एका बिडीनं घालून दिली. मी दुष्काळी माण तालुक्यातून मिरजेला फार्मसी शिकायला आलो आणि तुमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. तुम्ही शाळेत गणित शिकवत होतात, लीलाबाई दवाखान्यात नर्स होत्या. तरुणपणी तुम्ही धर्मगुरू व्हायला निघाला होतात. सहा वर्षं लॅटिन घोटलंत, सातव्या वर्षी टायफॉइड झाला आणि लीलाबाईंनी तुम्हाला इंजेक्शन दिलं. धर्मगुरू होणं राहिलं. लॅटिन अंगात राहिलं, आणि ते कुणाला तरी शिकवल्याशिवाय तुम्हाला चैन नव्हतं.

आमचे आबा खोकल्यावर औषध घ्यायला मिरजेला येऊन गेले होते. पलटणीत नोकरी झालेली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचता यायची. महिन्यानं मी गावी गेलो तर आबा अंगणात बसून मजेत झुरके घेतायत.

"आबा, बिडी सोडली हुती न्हवं तुमी?"

"सोडलीच हुती. डॉक्टरनंच चालू केलीया." आबांनी खिशातनं चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. "ह्ये वाच. बी. डी. दिवसातनं दोनदा, जेवान झाल्यावर. गोळी बी घेतो आन वर बिडी बी वडतो. लय भारी डॉक्टर गड्या त्यो!"

परत येऊन मी हे तुम्हाला तुमच्या परसात सांगितलं. तुम्ही नळाचा आधार घेऊन हसलात. डोळे पुसत म्हणालात, "बिस दिए. दिवसातून दोनदा. लॅटिन आहे ते." मग माझ्या पुस्तकातली एक चिठ्ठी ओढून घेतलीत आणि अगदी वरच्या खुणेवर बोट ठेवलंत, त्या पाय मोडलेल्या आर-अक्षरावर. "आणि हे काय? रेचिपे. आज्ञार्थ, एकवचन. म्हणजे 'घे'. 'घ्या' नव्हे, 'घे'. किती पिढ्या डॉक्टर औषध देणाऱ्याला अरे-तुरे करतायत, आणि त्याला पत्ता नाही."

औषध देणारा मीच होणार होतो. ज्या भाषेत आपल्याला जन्मभर अरे-तुरे होणार ती निदान कळावी, म्हणून मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन खाली उतरलो.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझं बारसं केलंत. संपतचा केलात संपतुस. आणि असल्या नामाला हाक मारायची तर शेवटाला ए लागतो, म्हणून संपते. दुसऱ्या दिवशी परसातनं जोरात ओरडलात, "संपते!" आतून लीलाबाईंचा आवाज आला, "काय संपतंय? रॉकेल? परवा तर आणलं!" त्या घरात मी पुढं कायम संपतच राहिलो. दर हाकेला लीलाबाई विचारायच्या, आता काय संपलं, आणि दर वेळी तिघंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचो.

शिकवायची तुमची तऱ्हा एकच होती. वाक्य लिहायचं आणि शेवटच्या शब्दावर अंगठा ठेवायचा. लॅटिनचं क्रियापद बहुधा मराठीसारखं शेवटी बसतं, आणि तुमचा अंगठा त्याच्यावर. मला अजून आठवतं ते वाक्य. पातेर फीलिओ एक्वुम, आणि पुढं अंगठा.

"बाप. पोराला. घोडा," मी विभक्ती लावत म्हणालो. "देतो."

"कशावरून देतो?"

"पोराला म्हटलंय की, सर. चतुर्थी हाय."

तुम्ही अंगठा उचललात. खाली होतं नेगात. नाकारतो. बाप पोराला घोडा नाकारतो.

माझा चेहरा पडला. घोड्यावर माझा कसलाही हक्क नव्हता, तरी पडला. तुम्ही म्हणालात, "इंग्रजी शिकलेल्याला इथं घाई होते. त्याला क्रियापद आधी तोंडात पडायची सवय. तू माणचा. तुम्हा लोकांना वाट बघायची सवय आहे. बघ वाट. आणि वाट बघताना अंगठ्याकडं बघत बसू नकोस. अंगठ्याच्या बाहेर काय लिहिलंय ते आधी नीट वाच."

हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल. मी दर वेळी मान डोलावली आणि दर वेळी अंगठ्याकडंच बघितलं.

व्याकरण जमलं तसे तुम्ही शैलीकडे वळलात आणि माझे हाल सुरू झाले. मला आडवंतिडवं सजवायची हौस. एका नामाला तीन विशेषणं लावल्याशिवाय मला ते नाम उघडं-नागडं वाटायचं. लॅटिनमध्ये आबांना पत्र लिहून आणलं, तर तुम्ही ते लांब धरून म्हणालात, "बेंदराचा बैल आहे हा. शिंगं रंगवलीत, झूल घातलीय, गोंडे बांधलेत. बैल कुठाय?" शिसपेन्सिलीनं एकेक गोंडा काढलात. शेवटी तीन शब्द उरले. तेवढेच खरे होते, हे मला तेव्हा कळलं आणि आवडलं नाही.

आणि आपलं ते भांडण. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात मुलगा बापाशी बोलत होता. मी भाषांतर केलं, 'आबा, तुम्ही कसे आहात.'

"तिथं तू आहे," तुम्ही म्हणालात.

"बापाला तू म्हणायचं?"

"त्यांच्यात अहो-जाहो नव्हतंच. राजाला तू, गुलामाला तू, देवाला तू."

"देवाला आमीबी तूच म्हणतो, सर. बापाचं येगळं हाय."

"मग मला म्हणून बघ. मी काही तुझा बाप नाही. एकदा म्हण, दानिएल, तू. बघ, लॅटिन कसं आत उतरतं ते."

"जीभ झडंल, सर."

पंचवीस वर्षं तुम्ही अधूनमधून मला डिवचलंत आणि पंचवीस वर्षं माझी जीभ झडायच्या भीतीनं गप्प राहिली. माझं दुकान झालं, लग्न झालं, केस गेले. तरी रविवारी सकाळी मी तुमच्या परसात वही घेऊन हजर असायचो, आणि लीलाबाई दारातून बघून म्हणायच्या, "आले का संपणारे?"

मग लीलाबाईच संपल्या. हे वाक्य मी असंच लिहिलं असतं तर तुम्ही पेन्सिल उचलली असती. म्हणाला असतात, विनोदामागं लपू नकोस. बरं. लीलाबाई गेल्या. तुमचं कंबरेचं हाड मोडलेलं होतं, तुम्हाला पलंगावरून हलता येत नव्हतं, म्हणून कबरीवरचा दगड करून घ्यायचं काम माझ्यावर आलं. तुम्ही वहीचा कागद फाडून दिलात. त्यावर रोमन अक्षरांत दोनच शब्द. वर लीला या नावाची चतुर्थी, जिचा तुमच्या चर्चच्या उच्चारात 'लीले' होतो. म्हणजे लीलेला, लीलेसाठी. खाली, दानिएल. संपलं.

पाथरवटानं कागद उलटा करून मागं बघितलं. "येवढंच?"

"एवढंच."

"मालक, खाली इतभर जागा ऱ्हातीया. भुंडा दिसंल दगड. काय तरी घाला की."

मी कागदाकडं बघितलं. क्रियापद नव्हतं! जन्मभर क्रियापदासाठी माझं डोकं खाणारा माणूस बायको गेल्याच्या दुःखात क्रियापद विसरला! मला तुमची एवढी दया आली, सर, आणि स्वतःचा एवढा अभिमान वाटला की विचारू नका. तुमच्या पाठीमागं तुमची चूक सावरायची, आणि तीही लॅटिनमध्ये. मी खिशातनं पेन काढून तिसऱ्या ओळीत लिहिलं, पोसुइत. ठेवला, उभारला. व्याकरणात चूक नव्हती. ते मी आजही सांगतो.

दोन महिन्यांनी तुम्ही माझ्या खांद्याचा आधार घेऊन दफनभूमीत आलात. दगडासमोर उभे राहिलात. मग वाकलात, दुखत असताना वाकलात, आणि तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवलात. सहा अक्षरं होती, अंगठा पुरत नव्हता. म्हणून तळवा ठेवलात.

"आता वाच."

"लीले. दानिएल."

"काय ऐकू आलं?"

"लीलेसाठी, दानिएलकडनं."

"मराठीत वाच, गाढवा."

मी पुन्हा वाचलं, आणि मग ऐकू आलं. लीले! परसातून घरात मारावी तशी हाक. आणि खाली सही. लॅटिनमध्ये चतुर्थी, मराठीत संबोधन. दोन भाषांत एकाच वेळी बसणारा शब्द तुम्ही तिच्यासाठी शोधला होता, आणि पुढची जागा मुद्दाम मोकळी सोडली होती.

"तिच्यासाठी मी काय केलं, काय केलं नाही, काय करायला हवं होतं, ती सगळी क्रियापदं तिथं होती," तुम्ही म्हणालात. "तू एक ठेवलंस. 'उभारला.' आता ही हाक राहिली नाही. पाटी झाली."

एवढ्यावर मी तुमचे पाय धरले असते तर निभावलं असतं. पण शेजारी बाबू उभा होता, तिथले खड्डे खणणारा. तो मघापासून अक्षरं जुळवत होता. म्हणाला, "पोसुइत? म्हंजे पोसली व्हय वो? सरांनी बाईस्नी पोसली, आसं लिवलंय?"

आणि मी हसलो, सर.

ते घर कुणी पोसलं होतं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तुमची शाळा पगार कधी द्यायची, कधी नाही. लीलाबाई दोन दोन पाळ्या करायच्या. तुम्ही हे कधी लपवलं नाहीत, आणि तुम्हाला ते सलत होतं हेही लपलं नव्हतं. तिच्या दगडावर गावानं वाचलं ते हे. आणि मी तिथं, तिच्या मातीशेजारी उभा राहून, पोट धरून हसलो. दगडावरची चूक अजाणता झाली होती. हसणं अजाणता नव्हतं. एवढ्यानं भागलं नाही. पुढं मी तो किस्सा लग्नाच्या पंगतींत सांगितला, साताऱ्याला सांगितला, दहिवडीला सांगितला. माझ्या सगळ्या किश्शांत तो जास्त रंगायचा. तुमच्या कानावर गेला असणारच. मिरज ती केवढी.

त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकापाशी तुम्ही माझ्या खांद्यावरचा हात काढलात. म्हणालात, "संपतराव, तुम्ही आता या. मी रिक्षानं जाईन."

संपतराव. तुम्ही.

कुणाला मान मिळाला की लोक पेढे वाटतात. मी तुमची रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत भर उन्हात फाटक धरून उभा राहिलो. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही दुकानात यायचात, काउंटरपलीकडून म्हणायचात, "संपतराव, तुम्ही जरा रक्तदाबाच्या गोळ्या द्याल का?" गिऱ्हाइकं माझ्याकडं आदरानं बघायची. सर अहो-जाहो करतात! मी गोळ्या काढताना पाठ करून उभा राहायचो. रविवारी परसात यायची माझी छाती झाली नाही. चुकलं म्हणायला गेलो होतो, एकदा. तुम्ही खुर्ची पुढं केलीत, चहा केलात, ऊस कारखान्यांचं बोललात. "घ्या ना," म्हणालात. 'घे' नव्हे.

मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला, कारण तुमच्या कागदांवर दुसऱ्या कुणाचा नंबरच नव्हता. मी दुकान तसंच उघडं टाकून आलो. तुमच्या तोंडावरचा मास्क तुम्ही एका बोटानं खाली ओढलात.

"संपते."

सिस्टर पलीकडून धावत आल्या. "काय संपतंय म्हणतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "माझं नाव आहे ते."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नंतर कधी तरी हसेन. अजून हसलेलो नाही.

"संपते," तुम्ही पुन्हा म्हणालात, "तुला मी त्या दगडाबद्दल कधीच…"

आणि थांबलात. मी वाकलो. मी वाट बघितली. वाट बघायला तुम्हीच शिकवलं होतं. ओठ उघडे होते, त्यांतून श्वास आला, मग अर्धा श्वास आला. सिस्टरनी मला बाजूला केलं आणि पडदा ओढला.

बुधवारी सकाळपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. ते वाक्य समोर ठेवलं आणि तुम्ही लावायचात तशा विभक्ती लावल्या. 'तुला', 'मी', 'दगडाबद्दल', सगळं जागच्या जागी. 'कधीच' आलंय म्हणजे शेवटी 'नाही' येणार, हे नक्की. पण 'नाही'च्या आधी? कधीच दोष दिला नाही? बसतं. कधीच माफ केलं नाही? तेही बसतं, तितकंच चपखल. बाप पोराला घोडा देतो की नाकारतो. आणि या खेपेला अंगठा उचलणारं कुणी नाही.

दफनभूमीत तुमची जागा लीलाबाईंच्या शेजारी. माणसं फार नव्हती. शाळेतले दोनचार, गल्लीतले काही. मी मुद्दाम त्या दगडाकडं बघायचं टाळत होतो. मग बघितलं, आणि मला तिसरी ओळ दिसेना. पहिली होती. दुसरी होती. तिसऱ्या ओळीतली सहाच्या सहा अक्षरं पांढऱ्या मेणानं भरून टाकलेली, वरून चोळून सपाट केलेली. जवळ गेलो तर मेणात ठसे होते. अंगठ्याचे. एकाशेजारी एक.

"ते सरांचंच काम," मागून बाबू म्हणाला. फावडं टेकून उभा होता. "दरसाल नोव्हेंबरात, मेल्याल्यांच्या दिसाला, मेनबत्त्या लावाया यायचं, आन गळल्यालं मेन त्या वळीत भरायचं. उन्हाळ्यात पगळायचं. पुन्यांदा यायचं, भरायचं. मी म्हनलं, सर, ह्या वयात कशापायी वाकताय? सिमिट भरून देतो, कायमची कटकट जाईल. तर म्हनलं, नगं बाबू, अंगठाच बरा." त्यानं मान हलवली. "मला काय कळलं न्हाई बगा."

मला कळलं, सर. अर्धं तिथं कळलं, अर्धं तुम्हाला खड्ड्यात खाली सोडताना. दोर घसरत होते, माती आधीच कडेनं पडत होती, आणि माझ्या डोक्यात तुमचा आवाज. अंगठ्याकडं बघत बसू नकोस. अंगठ्याच्या बाहेर काय लिहिलंय ते आधी वाच.

बाहेर काय लिहिलं होतं? संपते. तुला. मी.

सहा वर्षांत पहिल्यांदा संपते. सहा वर्षांत पहिल्यांदा तू. मी रात्रंदिवस शेवटचा शब्द शोधत होतो, आणि तुमचं मला जे सांगायचं होतं ते पहिल्याच शब्दात सांगून झालं होतं. निदान मी तसं वाचतो. माझं वाचन कच्चं आहे. तुम्ही असतात तर पेन्सिल घेऊन म्हणाला असतात, पुरावा दे. पुरावा नाही. संबोधन आहे, एवढंच आहे.

फादरनी प्रार्थना संपवून माझ्याकडं बघितलं. "संपतराव, दोन शब्द बोलता?"

मला बोलायला सांगायची कधी कुणाला गरज पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. निरोपसमारंभ असो, मुंज असो, माइक माझ्याकडून काढून घ्यावा लागतो. मी पुढं झालो. रंगवलेली शिंगं, झूल, गोंडे, सगळं तयार होतं. तुमच्याकडं खाली बघितलं आणि त्यातलं एकही जागेवर राहिलं नाही. जीभ झडायची तर झडू दे, म्हटलं.

"दानिएल," मी म्हणालो. "तुला मी…"

आणि पुढचं येईना. शेकड्यानं क्रियापदं आली, एकही बसेना. माणसं माना वर करून थांबली. फादरनी पुस्तक मिटलं. मी तसाच उभा, तोंड उघडं, तुमच्याकडं बघत, आणि त्या शांततेत, फावड्यावरचा हात बदलत, बाबू बोलून गेला:

"आवं, पुढं बोला की!"